सलाफहादच्या मुली आणि विस्थापितांची नोंदवही

दुष्काळ, पूर आणि वाढती उष्णता यांमुळे ज्यांना घरदार सोडावे लागते अशांविषयी आपल्या ख्रिस्तसभेत गेल्या दहा वर्षांत पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. या लेखनाचा आणि विशेषतः त्यामागील शास्त्रवाचनाचा थोडा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. भोपाळ येथे राहून हा विषय अभ्यासताना आम्हास सतत जाणवत आलेली एक उणीव वाचकांपुढे ठेवावी, एवढाच हेतू. ती उणीव अशी की, विस्थापित स्त्री आपल्या लेखनात दयेचा विषय म्हणून वारंवार येते. दावेदार म्हणून मात्र क्वचितच येते.

या सर्व चर्चेचा आधारग्रंथ म्हणजे दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे २०१५ सालचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्र. त्याचे मोठेपण आम्ही कमी लेखीत नाही. निसर्गाच्या ऱ्हासामुळे देशोधडीस लागणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय करारांत निर्वासित म्हणून मान्यता नाही, त्यामुळे त्यांना कायद्याचे कोणतेच छत्र लाभत नाही, ही गोष्ट पंचविसाव्या परिच्छेदात स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. पुढे एकावन्नाव्या परिच्छेदात श्रीमंत उत्तरेकडील राष्ट्रांनी दक्षिणेकडील राष्ट्रांचे जे पर्यावरणीय ऋण करून ठेवले आहे, त्याचाही हिशेब मांडला आहे. एवढ्या अधिकाराच्या स्थानावरून हा शब्द उच्चारला गेला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु राष्ट्राराष्ट्रांतील ऋण मोजणारे हे परिपत्र घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबते. घराच्या आत कोण कोणाचे ऋणी आहे, पाणी कोणी वाहिले, शेवटी कोण जेवले, गाव सोडताना कोणाच्या नावावर काय होते, हे प्रश्न त्यात उपस्थित होत नाहीत. ‘गरीब’ हा त्यातील कर्ता आहे आणि त्या गरिबाला लिंग नाही. २०२३ साली आलेल्या ‘लाउदाते देउम’ या पुरवणीनेही ही जागा भरून काढली नाही.

राष्ट्रसंघाच्या हवामानविषयक परिषदांतही अशीच तुटकता दिसते. २०१० साली कानकून येथे विस्थापन व स्थलांतर हे शब्द प्रथमच ठरावात आले. २०१७ साली बॉन येथे स्त्री-पुरुष समानतेचा कृतिकार्यक्रम स्वीकारला गेला. एका दालनात विस्थापितांची चर्चा, दुसऱ्या दालनात स्त्रियांची. आणि दोन्ही दालनांत एकाच वेळी जिचा प्रश्न चालला आहे ती स्त्री बाहेरच्या ओसरीवर. असो. त्या परिषदांचे परीक्षण करणारे पुष्कळ आहेत. आमचे काम शास्त्रवाचनाचे आहे, म्हणून तिकडे वळू.

आपल्या व्यासपीठांवरून विस्थापनाविषयी बोलताना रूथच्या पुस्तकाचा आधार घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. त्या पुस्तकाचा आरंभच दुष्काळाने होतो. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. त्या घरातील भाकरी संपते आणि अलीमलेख आपली पत्नी नामी व दोन मुले यांना घेऊन मवाब देशात जातो. तेथे तो मरतो, दहाएक वर्षांनी मुलेही मरतात आणि तीन विधवा उरतात. दुष्काळात बाहेर पडलेल्या कुटुंबाचे इतके कमी शब्दांत केलेले वर्णन अन्यत्र सापडणे कठीण. पण आपण ऐकतो त्या प्रवचनांत हा दुष्काळ एका वाक्यात संपतो, आणि मग सासूवर जीव लावणाऱ्या आदर्श सुनेचे गुणगान सुरू होते. रूथची निष्ठा थोर आहे यात संशय नाही. परंतु निष्ठेच्या या गौरवात तिची परिस्थिती झाकली जाते.

दुसऱ्या अध्यायात काय घडते ते पाहावे. परकी स्त्री दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसे वेचावयास जाते. उपरा, अनाथ व विधवा यांच्यासाठी शेताच्या कडा आणि विसरलेल्या पेंढ्या सोडाव्यात, असा लेवीय व अनुवाद या पुस्तकांतील नियम आहे. म्हणजे ती भीक मागत नाही, नियमाने मिळालेला वाटा उचलते. तरीही बवाजाला आपल्या गड्यांना मुद्दाम ताकीद द्यावी लागते की, हिला कोणी हात लावू नये. संध्याकाळी नामीही तेच सांगते, की दुसऱ्याच्या शेतात जाऊ नकोस, तेथे तुला त्रास होईल. या दोन वाक्यांवर आम्ही आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही. घर सोडलेल्या स्त्रीला अन्नाच्या शोधात कोणत्या भयातून जावे लागते हे शास्त्र सांगते, आणि आपण ते सभ्यतेने वगळतो.

चौथ्या अध्यायात प्रश्न शेताचा आहे. अलीमलेखाची जमीन कोणी सोडवावयाची हा निर्णय नगराच्या वेशीवर, दहा वडीलधाऱ्यांच्या समक्ष होतो. नामी तेथे नाही आणि रूथही नाही. जमिनीबरोबर रूथही कोणाकडे जाणार हे तेथे ठरते. कथेचा शेवट गोड होतो, कारण बवाज भला माणूस आहे. पण भला माणूस भेटला नाही तर काय, हा प्रश्न त्या दहा जणांपैकी कोणी विचारीत नाही. आणि अगदी शेवटी जी वंशावळ येते तीत पेरेसपासून दावीदापर्यंत केवळ पुरुषांची नावे आहेत. जिच्या नावाचे पुस्तक तिचेच नाव त्या यादीत नाही. ते नाव यादीत घातले ते मत्तयाने, आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर. यादी करणे हे किती मोठे धर्मशास्त्रीय कार्य असू शकते याचा याहून चांगला दाखला आम्हास माहीत नाही.

आता आपला वाचनग्रंथ काय करतो? विषम वर्षांत, सामान्य काळाच्या विसाव्या आठवड्यात शुक्रवारी व शनिवारी रूथचे पुस्तक दैनिक मिस्सेत वाचले जाते. रविवारी कधीच नाही. त्यातही वेशीवरचा सर्व व्यवहार गाळलेला आहे. कणसे वेचण्याच्या प्रसंगाचा एक तुकडा वाचून वाचक थेट विवाहाकडे व पुत्रजन्माकडे जातो. गणना या पुस्तकाची कथा याहून बोलकी आहे. अठराव्या आठवड्यात त्यातील निवडक उतारे वाचले जातात, आणि त्यांत मोशेविरुद्ध बोलल्याबद्दल कोडाने शिक्षा झालेली मिर्याम येते. त्याच पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पाच बहिणी मोशेसमोर उभ्या राहून बोलतात आणि देव त्यांचे म्हणणे बरोबर ठरवितो. तो अध्याय आपल्या वाचनग्रंथात कोठेही नाही. बोलल्याबद्दल शिक्षा झालेली स्त्री श्रद्धावंतांच्या कानी पडते, बोलून न्याय मिळविणाऱ्या पाच जणी पडत नाहीत. हा योगायोगही असेल. परिणाम मात्र योगायोगाचा राहत नाही.

या पाच जणींची नावे शास्त्राने जपून ठेवली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या सलाफहादच्या मुली. आधीच्या अध्यायात इस्राएलाची शिरगणती झाली आहे. वीस वर्षांवरील, लढाईस योग्य असे पुरुष मोजले गेले आहेत आणि त्याच संख्येप्रमाणे वचनदत्त देशातील जमीन वाटली जाणार आहे. चाळीस वर्षे अरण्यात भटकलेल्या या लोकांचे पुनर्वसन ज्या नोंदवहीवर अवलंबून होते, तीत या बहिणींच्या घराचा वाटाच नव्हता, कारण बाप वारला होता आणि भाऊ नव्हता. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी येतात, मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहतात, आणि जमिनीचा वाटा मागतात. वेशीवर जे नामीला लाभले नाही ते येथे घडते. त्यांच्या मागणीत विनवणीचा सूर नाही. त्या कारणे देतात. मोशे प्रकरण देवापुढे नेतो, आणि कायदा बदलतो.

काही भाष्यकार येथेच कथा संपवितात. ते प्रामाणिकपणाचे नाही. छत्तिसाव्या अध्यायात कुळातील पुरुष येऊन हरकत घेतात, की या मुली परक्या वंशात गेल्या तर जमीनही जाईल. आणि त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट पडते. यहोशवाच्या पुस्तकात, सतराव्या अध्यायात, त्याच बहिणी पुन्हा येऊन दिलेल्या शब्दाची आठवण करून देतात, तेव्हा कोठे वाटा पदरात पडतो. देवाने मान्य केलेला हक्कसुद्धा नोंदवहीत उतरविण्यासाठी दुसऱ्यांदा दार ठोठवावे लागले. शास्त्रातील ही ओढाताण जशीच्या तशी वाचली पाहिजे असे आमचे मत आहे.

हे सर्व आम्हास मध्यप्रदेशात राहताना विशेष जाणवले, याचे कारण नर्मदा. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली जो निवाडा दिला त्यात विस्थापित ‘कुटुंबा’ची व्याख्या केली आहे. सज्ञान मुलगा हा स्वतंत्र कुटुंब मानावा, असे त्यात म्हटले आहे. अविवाहित मुलगी, विधवा बहीण, विधवा आई या मात्र अवलंबितांच्या रांगेत, दुसऱ्याच्या कुटुंबात. पुनर्वसनाची जमीन कुटुंबाला मिळावयाची असल्याने त्या एका व्याख्येतच खोऱ्यातील हजारो स्त्रियांचे भवितव्य ठरून गेले. पुढे महाराष्ट्राने आपल्या विस्थापितांसाठी सज्ञान अविवाहित मुलींचाही विचार केला, हे नमूद करणे न्याय्य होईल. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर खंडवा जिल्ह्यातील हरसूद हे गावच्या गाव लोकांनी आपल्या हातांनी पाडले, कारण इंदिरा सागर धरणाचे पाणी येणार होते. धरणाचे पाणी आणि हवामानबदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही जाणतो. पण घर गेल्यावर कोणाचे नाव लिहावयाचे हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि धरणांच्या खोऱ्यात त्याचे उत्तर कागदावर तरी सापडते.

२०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याने ही चूक बरीचशी दुरुस्त केली. स्त्री असो वा पुरुष, सज्ञान व्यक्ती स्वतंत्र कुटुंब. विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता याही स्वतंत्र कुटुंब. महला आणि तिच्या बहिणींनी वाचले असते तर त्यांना समाधान वाटले असते. परंतु हा कायदा सरकार जमीन घेते तेव्हाच लागू होतो. पाऊस जमीन घेत नाही. तो नुसता येत नाही, किंवा एका रात्रीत सारा येतो. दुष्काळाने गाव सोडणाऱ्याला ना नोटीस, ना पंचनामा, ना यादी. त्याची नोंद फक्त एकाच वहीत होते, आणि ती मुकादमाची.

मराठी वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जे तांडे निघतात, त्यांत मजुरांची मोजणी ‘कोयत्या’ने होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या हाती. फेडावी लागते ती दोघांनी. स्त्री ऊस बांधते, मोळी डोक्यावरून गाडीत टाकते, पहाटे स्वयंपाक करते. हिशेबात तिची स्वतंत्र ओळ नाही. एक दिवस कामावर आली नाही तर ‘खाडा’ म्हणून दंड. मासिक पाळी, गर्भारपण, आजार ही सारी खाड्याची कारणे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो अहवाल दिला, त्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या मोजणीत स्त्री अर्धा कोयता असते, तेथे तिच्या शरीराचा एक अवयवही कामातील अडथळा ठरतो. दुष्काळ हे या स्थलांतराचे एकमेव कारण नाही. जमिनीचे तुकडे, कर्ज, सिंचनाचे असमान वाटप ही कारणे जुनी आहेत. पण पाऊस जसजसा बेभरवशाचा होईल तसतसे तांडे वाढतील, आणि कोयता हेच माप राहिले तर वाढतील त्या अर्ध्याच स्त्रिया.

अशा वेळी आपल्याच परंपरेतील एका स्त्रीचे स्मरण व्हावयास हवे. ते होते, पण आमच्या मते चुकीच्या बाजूने होते. पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळाने विस्थापित झालेल्या होत्या. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील उपासमारीत त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली. भावाबरोबर त्या पायी उत्तरेकडे निघाल्या आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात, म्हणजे भोपाळच्या दक्षिणेस नर्मदेपलीकडच्या मुलखात, पुन्हा दुष्काळ पडला. प्रशांत महासागराचे पाणी तापल्याने मान्सून दुबळा होतो हे आज ठाऊक आहे, आणि ती तशीच वर्षे होती. तेव्हा मनुष्यकृत तापमानवाढ नव्हती, पण धान्य असूनही माणसे मेली, हे साम्य विसरू नये. रमाबाई त्या प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले.

या कार्याचे जे वृत्तांत मिशनच्या साहित्यात आहेत, त्यांत संख्या ठळक असते: इतक्या वाचल्या, इतक्यांचा बाप्तिस्मा झाला. ही देखील एक नोंदवहीच, आणि तीही आपल्या सोयीची. भुकेलेल्याला आसरा देताना त्याचा धर्म बदलणे यात जो प्रश्न आहे तो टाळून रमाबाईंचा गौरव करणे आम्हास पटत नाही. परंतु त्यांच्या स्वतःच्या लेखनात जे आहे ते त्या वृत्तांतांपेक्षा धारदार आहे. मदतछावण्यांत व अनाथगृहांत तरुण मुली पुरुष अधिकाऱ्यांच्या आणि दलालांच्या हाती कशा लागतात, हे त्यांनी १८९७ साली उघड लिहिले. मदत देणारी व्यवस्थाच स्त्रीसाठी धोक्याची जागा होऊ शकते, हे त्या स्वानुभवाने ओळखून होत्या. पुढे त्याच रमाबाईंनी मूळ भाषांवरून सबंध शास्त्र मराठीत आणले आणि मुक्तिसदनातील स्त्रियांनी त्याचे छपाईचे काम केले. दुष्काळातून आलेल्या स्त्रियांच्या हातून रूथचा दुसरा अध्याय आणि गणनेचा सत्ताविसावा अध्याय मराठी अक्षरांत छापला गेला, ही गोष्ट आपल्या भाष्यांत कोठे तरी यावयास हवी होती.

आणि भोपाळ. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा हे नगर पळाले. उरलेले रसायन संपविण्यासाठी १६ डिसेंबरला कारखाना पुन्हा चालू झाला, त्या मोहिमेला ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे श्रद्धेची मोहीम, असे नाव देण्यात आले. आणि लोक पुन्हा मोठ्या संख्येने पळाले. या शब्दाचा इतका उथळ वापर आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारने एकट्याकडे घेतला. शासन हे पालक, पीडित हे अज्ञान बालक, अशी त्यामागील कल्पना. अलीमलेख वारल्यावर वेशीवरच्या दहा जणांनी जे केले तेच येथे झाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये सत्तेचाळीस कोटी डॉलरची तडजोड झाली. ज्यांच्यासाठी झाली त्यांना कोणी विचारले नाही.

ज्या स्त्रियांना पुनर्वसन म्हणून लेखनसाहित्य बनविण्याच्या शेडमध्ये तुटपुंज्या पैशांवर बसविले होते, त्यांनी वेगळी वाट धरली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांच्या पुढाकाराने त्यांनी आपली कामगार संघटना बांधली आणि १९८९ साली भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. एक मुसलमान, एक हिंदू. दोघींनाही वायूने सोडले नव्हते. त्यांची मागणी कामगाराच्या दर्जाची व वेतनाची होती. दर्शनमंडपाचे दार त्यांना दिल्लीत शोधावे लागले. २००४ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, त्यातून त्यांनी वायुपीडितांच्या अपंग मुलांसाठी ‘चिंगारी’ न्यास काढला. भोपाळचा अपघात हवामानबदलाचा नव्हे. पण न्याय मागणारी विस्थापित स्त्री कशी दिसते हे ज्याला पाहावयाचे आहे, त्याने सुनेच्या निष्ठेच्या प्रवचनाऐवजी या पदयात्रेचा अभ्यास करावा.

राहता राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या नोंदींचा. २०१३ च्याच अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरविली. पूर किंवा दुष्काळ आल्यावर धर्मग्रामांतून मदत वाटली जाते तेव्हा जी कुटुंब-नोंदवही उघडली जाते, तिचा पहिला रकाना बहुतेक ठिकाणी अजून पतीच्या नावाचा असतो; पती परागंदा असला तरी, कधी कधी मेलेला असला तरी. धर्मप्रांतांच्या मदतसमित्यांनी पुढील पावसाळ्यापूर्वी हा रकाना बदलावा, सज्ञान स्त्रीची स्वतंत्र ओळ ठेवावी आणि मदत तिच्या हाती, तिच्या सहीने द्यावी. वाचनग्रंथात भर घालणे आपल्या अधिकारात नाही. पण विशेष उपासनांत कोणता उतारा वाचावा याची मोकळीक धर्मगुरूंना असते, आणि १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टिकाल आता सर्वत्र पाळला जातो. त्यात एखाद्या दिवशी गणनेचा सत्ताविसावा अध्याय वाचला जावा, आणि तो एखाद्या स्त्रीने वाचावा.